कापसाचा धागा, बोंडअळी आणि फवारणारा गडी

गेल्या हंगामांत माझ्या शेतांत फवारणी करीत असलेला गडी भर दुपारीं बांधावर येऊन बसला. डोकें गरगरतें, डोळ्यांपुढें अंधारी येते, तोंडाला सारखें पाणी सुटतें, असें तो सांगूं लागला. पंप गळत होता व त्याची पाठ औषधानें चिंब झाली होती. पंप आधीं तपासून पाहणें माझें काम होतें. तें मीं केलें नाहीं. त्याचे कपडे उतरवून, अंग साबणानें धुऊन त्यास दवाखान्यांत नेलें. दोन दिवसांनीं तो बरा होऊन घरीं आला, तेव्हां त्यानें मला विचारलें, "मालक, ज्या औषधानं पऱ्हाटीचं एक पान बी नाही सुकलं, त्यानं मले कसं पाडलं?"

प्रश्न साधा, पण उत्तर देतांना मी अडखळलों. नातवाचें शाळेंतील जीवशास्त्राचें पुस्तक घेऊन बसलों, तेव्हां उलगडा झाला. तो वाचक बंधूंपुढें मांडीत आहें.

महसूल खात्यांत असतां पुष्कळ गांवांचे नकाशे माझ्या हाताखालून गेले. गांव दुरून एकसंध दिसतें. नकाशा उलगडला म्हणजे तें लहानमोठ्या गटांचें बनलेलें असून प्रत्येक गटास स्वतःची हद्द आहे, असें दिसतें. सजीवांच्या शरीराचेंही असेंच आहे. हे जे गट, त्यांस पेशी म्हणतात. इ. स. १६६५ मध्यें रॉबर्ट हूक ह्या इंग्रज विद्वानानें बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तों त्यांत त्यास रिकाम्या खोल्यांच्या ओळी दिसल्या. पुढें १८३८ सालीं श्लायडेन ह्यानें वनस्पतींविषयीं व १८३९ सालीं श्वान ह्यानें प्राण्यांविषयीं सिद्धांत मांडला कीं, दोहोंचें शरीर पेशींचेंच बनलेलें आहे.

प्रत्येक पेशीस एक नाजूक पडदा असतो. आंत घट्टसर रस असतो व त्यांत एक केंद्रक. केंद्रक हें त्या गटाचें दप्तर समजावें. आईबापांकडून आलेल्या सर्व गुणांची नोंद तेथें असते. इथवर पऱ्हाटी, अळी, बैल व माणूस सारखींच. वनस्पतीच्या पेशीस मात्र तीन गोष्टी अधिक आहेत. पडद्याबाहेर एक टणक भिंत असते, जणूं शेताचा बांध. पानांच्या पेशींत हरितद्रव्य असतें. त्याच्या बळावर झाड सूर्यप्रकाशांत आपलें अन्न आपण करतें. आणि आंत पाण्यानें भरलेली एक मोठी पोकळी असते. ह्या पोकळ्यांतील पाणी आटलें म्हणजे दुपारीं पानें माना टाकतात. प्राण्याच्या पेशीस भिंत नाहीं व हरितद्रव्य नाहीं. म्हणून प्राण्यास अन्नासाठीं हिंडावें लागतें, आणि हिंडण्यासाठीं स्नायू व त्यांस हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंच्या पेशी लागतात. गड्याच्या प्रश्नाचें उत्तर ह्याच भेदांत आहे.

परंतु त्याआधीं कापसाकडे पाहूं. रुईचा प्रत्येक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरील एकच पेशी होय. फूल उमलतें त्याच दिवसाच्या सुमारास ती पेशी सालीवरून डोकें वर काढते. पहिले सुमारें तीन आठवडे ती लांब होत जाते. आंतील पोकळींत पाणी व पोटॅश भरून जो ताण येतो, त्यानें ती ताणली जाते. पुढें लांबी थांबते व भिंत आंतून जाड होऊं लागते. सुमारें पन्नास दिवसांनीं बोंड फुटतें, पेशी सुकून मरते आणि पीळ पडलेली चपटी फीत मागें उरते. तीच आपली रुई. म्हणून बोंड धरल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत पाण्याची ओढ बसली तर धागा आंखूड राहतो, आणि पुढें झाड रोगानें वा उपासमारीनें खंगलें तर धागा कच्चा राहतो. बाजारांत जी प्रत पाहतात, ती अशी शेतांतच ठरून गेलेली असते.

आतां बोंडअळी. बीटी कपाशीस आपल्या देशांत २००२ सालीं परवानगी मिळाली. जमिनींतील एका जंतूचा गुण तिच्या केंद्रकांत घातलेला असल्यामुळें ती एक विशिष्ट प्रथिन तयार करते. अळीच्या आंतड्यांतील पेशींवर ह्या प्रथिनास अडकावयास जणूं एक खुंटी असते. तेथें अडकून तें पेशीच्या पडद्यास भोकें पाडतें; पेशी फुगून फुटते व अळी मरते. माणसाच्या आंतड्याच्या पेशींवर ती खुंटी नाहीं. पण थोड्या गुलाबी अळ्यांत ही खुंटी जन्मतःच बदललेली असते. बाकीच्या मेल्या, ह्या उरल्या, आणि त्यांचीच प्रजा वाढली. २००६ पासून दोन प्रथिनांचें बियाणें आलें, तरी तेंही पुढें तिला जुमानेनासें झालें. डोमकळ्या व कवडी कापूस पुन्हां दिसूं लागला, आणि पंप पुन्हां पाठीवर चढला. मावा, तुडतुडे ह्यांवर तर बीटीचा मुळींच इलाज नव्हता.

आतां गड्याचें उत्तर. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ह्या वर्गांतील औषधें मज्जातंतूंवर घाव घालतात. मज्जातंतू आपला हुकूम एका रसाच्या द्वारें पोंचवितो, व काम होतांच एक विकर तो रस पुसून टाकतें. औषध त्या विकरासच जखडतें. मग हुकूम थांबत नाहीं. घाम व लाळ सुटते, बाहुल्या बारीक होतात, स्नायू थरथरतात, शेवटीं श्वास अडतो. झाडास मज्जातंतू नाहींत, म्हणून तें हिरवेंगार राहतें. अळीस आहेत व माणसासही आहेत, आणि हुकुमाचा रस दोघांचा एकच. शिवाय हीं औषधें कातडींतूनही आंत शिरतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं फवारणीच्या विषबाधेनें वीसांहून अधिक माणसें दगावलीं व शेकडों आजारी पडलीं, हें आपण विसरूं नये.

तेव्हां पंप आधीं मालकानें स्वतः तपासावा. दोन औषधें मनानें एकत्र करूं नयेत. वाऱ्याच्या उलट दिशेस तोंड करून फवारूं नये, व पीक डोक्याइतकें वाढलें असतां तर विशेष जपावें. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे व नाकतोंडावर फडकें असावें. कपडे भिजतांच उतरवून अंग साबणानें धुवावें. केवळ पाण्यानें तें औषध निघत नाहीं. त्रास वाटल्यास औषधाचा डबा बरोबर घेऊन तडक दवाखाना गांठावा. फवारणीची गरजच कमी व्हावी म्हणून फरदडीचा लोभ सोडून डिसेंबरअखेर पऱ्हाट्या काढाव्या, म्हणजे गुलाबी अळीस पुढील हंगामापर्यंत आसरा उरत नाहीं.

गड्यास मीं हें सर्व सांगितलें. तो थोडा वेळ गप्प बसला व म्हणाला, "म्हंजे अळी अन् मी एकाच भावकीतले." मीं होय म्हटलें. दुसऱ्या दिवशीं राजुऱ्यास जाऊन नवा पंप व हातमोजे घेऊन आलों.