कॅल्शियमचा आकडा मोठा, पण छातीत काही नाही!

दिवाळीनंतर एक निवृत्त गुरुजी मोठे पाकीट घेऊन दवाखान्यात आले. वय 61. रोज तासभर फिरतात, दम लागत नाही, छातीत कधी दुखले नाही. पुण्याच्या मुलाने हौसेने 'संपूर्ण तपासणी' करविली आणि 'कोरोनरी कॅल्शियम स्कोअर 412' निघाला. तिथेच कुणीतरी सांगितले, "लगेच अँजिओग्राफी करा." गुरुजींची झोप उडाली आणि काकूंनी त्यांचे दूध-दही बंद केले!

प्रथम दुधाचे. दुधातले कॅल्शियम जाऊन हृदयाच्या रोहिण्यांत बसते असे नाही. दूध खुशाल घ्या. रोहिण्यांच्या भिंतींत वर्षानुवर्षे चरबीचे थर साचतात आणि जुन्या थरांत चुना धरतो. तो सीटी स्कॅनमध्ये पांढरा दिसतो. तो मोजण्याची पद्धत अमेरिकेतील डॉ. आर्थर अ‍ॅगॅटस्टन व सहकाऱ्यांनी 1990 मध्ये मांडली. शून्य म्हणजे चुना दिसला नाही. 100 च्या पुढे औषध सुरू करण्याकडे कल असतो. 400 च्या पुढचा आकडा मोठाच म्हणायचा. म्हणजे गुरुजींना रोहिण्यांचा विकार आहे, हे मी लपविले नाही. पण रोहिणी किती अरुंद झाली, हे हा आकडा सांगत नाही.

मग स्टेंट का नको? पुष्कळदा झटका येतो तो मऊ थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी झाल्याने, आणि ती जागा सर्वांत अरुंद असेलच असे नाही. स्टेंट एका जागी बसतो, थर मात्र ठिकठिकाणी असतात. 2007 मधील 'करेज' आणि 2020 मधील 'इस्केमिया' या मोठ्या अभ्यासांत, स्थिर हृदयविकार असलेल्यांना औषधांच्या जोडीला स्टेंट वा बायपास करूनही मृत्यू ठळकपणे कमी झाले नाहीत. ते रुग्ण तर गुरुजींपेक्षा अधिक आजारी होते! त्रास होत असेल किंवा इसीजी बिघडलेला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे पुढील तपासण्या हव्यातच.

गुरुजींचा इसीजी चांगला होता. रक्तदाब मात्र 152/94, एलडीएल 148 आणि जेवणानंतर तंबाखूची चिमूट. खरे काम इथे होते. रक्तदाबाची गोळी आणि रोज स्टॅटिन सुरू केले. एलडीएल 70 च्या खाली आणायचे ठरले. "किती दिवस घ्यायची?" हा प्रश्न आलाच. कायमची, मी म्हणालो. अ‍ॅस्पिरिन मनाने सुरू करू नये. त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आणि दरवर्षी स्कोअर काढत बसू नये. स्टॅटिनने मऊ थर घट्ट होतात, त्यामुळे आकडा उलट वाढलेला दिसू शकतो आणि माणूस विनाकारण घाबरतो.

तीन महिन्यांनी एलडीएल 66 आले. तंबाखू अजून पुरती सुटलेली नाही; डबी काकूंच्या ताब्यात आहे.

फिरणे चालू ठेवा, असे मी त्यांना सांगितले आहे. पण चालताना छातीत दाब वाटू लागला, तो जबड्याकडे किंवा हाताकडे सरकला, किंवा नेहमीच्या चढावर नव्याने धाप लागली, तर लगेच दाखवायचे. आणि बसल्या जागी छाती भरून आली, घाम फुटला, तर माझीही वाट न पाहता 108 ला फोन.