काय दिसलं, तेवढं सांगा

काल्पनिक जगावर बेतलेल्या खेळांसाठी पात्रं रंगवणारा चित्रकार आपलं काम कुणाला दाखवतो, तेव्हा त्याच्या पदरात बहुधा दोनपैकी एक गोष्ट पडते. एक तर नुसती वाहवा, नाहीतर सूचनांची यादी: चिलखत लाल कर, तलवार मोठी कर, डोळ्यांत चमक आण. वाहवेनं हुरूप येतो, सूचनांमुळे पुढे काय करायचं ते ठरल्यासारखं वाटतं, पण चित्र सुधारायला दोन्हींचा उपयोग थोडाच. नजर आधी कुठे गेली, ही बाई कोण वाटली, ती चिडलेली वाटली की थकलेली, तिच्या हातात काय आहे असं वाटलं, हे समोरच्यानं प्रामाणिकपणे सांगितलं तर चित्रकाराच्या हाती काहीतरी लागतं. पाहणाऱ्यानं साक्षीदार व्हावं आणि दुरुस्ती चित्रकारावर सोडावी, असं माझं म्हणणं आहे. चित्रकारानंही अभिप्राय मागताना अशी साक्ष मिळेल असेच प्रश्न विचारावेत.

यामागचं मुख्य कारण या चित्रांच्या कामात आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला आणि जादूगार, राक्षस, टोकदार कानांचे एल्फ यांची चित्रं खेळाचा भाग होऊन बसली. तेव्हा ती शाईनं आणि रंगांनी कागदावर किंवा कॅनव्हासवर काढली जात. आता बहुतेक काम टॅब्लेटवर डिजिटल पेनानं होतं. माध्यम बदललं तरी चित्रावरची जबाबदारी तीच आहे. प्रदर्शनातल्या चित्रापुढे माणूस हवा तेवढा वेळ उभा राहू शकतो, खेळातलं पात्र मात्र क्षणभरात ओळखू यावं लागतं. १९९३ साली सुरू झालेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळातलं पान अवघं ६३ बाय ८८ मिलिमीटरचं असतं, आणि त्यातही चित्राला साधारण वरची अर्धी जागा मिळते. समोर बसलेल्या खेळाडूला ते उलटं दिसत असतं. ‘डोटा २’ या संगणकीय खेळात पाच-पाच जणांचे दोन संघ लढतात आणि हे सगळे योद्धे तिरक्या कोनातून, वरून, छोटे दिसतात. म्हणून हा खेळ बनवणाऱ्या ‘व्हॉल्व्ह’ या कंपनीनं चित्रकारांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत अगदी नेमक्या अपेक्षा लिहिल्या आहेत. पात्र नुसत्या बाह्याकृतीवरून ओळखू यावं. पायांकडे गडद आणि डोक्या-खांद्यांकडे उजळ अशी छटांची चढण असावी, म्हणजे नजर वर जाते. बारीक नक्षीशेजारी डोळ्याला विसावा देणारी मोकळी जागा ठेवावी.

या अपेक्षा पडताळून पाहता येतात, आणि माझा सगळा भर त्यावर आहे. पात्राची आकृती पूर्ण काळ्या रंगानं भरायची, ती अंगठ्याच्या नखाएवढी करायची आणि चित्र आधी न पाहिलेल्या माणसाला विचारायचं, ‘हा कोण असेल?’ आपण रंगवला आहे धनुर्धारी आणि उत्तर आलं ‘काठी टेकत चाललेली म्हातारी’, तर तिथे आवडीनिवडीचा वाद उरत नाही. धनुष्य अंगाच्या आकृतीत बुडालं आहे, हे कळलं. ते बाहेर कसं काढायचं, हात लांबवून, उभं राहण्याची ढब बदलून की धनुष्याचाच आकार बदलून, हे चित्रकारानं ठरवायचं.

पाहणाऱ्यांना बिघाड कळतो, इलाज कळतोच असं नाही, याचं ठळक उदाहरण २०१९ सालचं आहे. ‘सेगा’ या कंपनीच्या सॉनिक या खेळातल्या लोकप्रिय निळ्या हेजहॉगवर चित्रपट येणार होता. एप्रिलअखेरीस झलक प्रसिद्ध झाली आणि लहान डोळे, माणसासारखे दात असलेलं ते पात्र पाहून चाहते खवळले. दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी काही दिवसांतच पात्र बदलण्याचं जाहीर केलं. प्रदर्शन त्या वर्षीच्या नोव्हेंबरवरून फेब्रुवारी २०२० वर गेलं. लाखो लोकांना हा आपला सॉनिक वाटत नव्हता, आणि त्यांची ही साक्ष खरी होती. पण नवं रूप त्यांच्या सूचनांच्या बेरजेतून आलं नाही. सॉनिकची चित्रं आधीपासून काढत असलेले टायसन हेसी यांच्या नेतृत्वाखाली ते घडवलं गेलं. दुसरी गोष्टही इथे दिसते: साक्ष फार उशिरा मागितली गेली होती.

डिजिटल चित्रात काहीही केव्हाही बदलता येतं, मग घाई कशाला, असं कुणी म्हणेल. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. चेहरा, कवच, पार्श्वभूमी वेगवेगळ्या लेअरवर असतात आणि एका कळीनं मागे जाता येतं. अडचण माणसाच्या मनाची आहे. कवचाचा एकेक खवला घासूनपुसून चमकवल्यावर त्याखालचा खांदा चुकीच्या जागी आहे हे ऐकायची कुणाची तयारी नसते. पाहणारासुद्धा त्या चकाकीला भुलतो आणि खांद्याकडे त्याचं लक्ष जात नाही. म्हणून कच्चं रेखाटन, दोन-तीन करड्या छटांत, तेव्हाच दाखवावं. ‘मॅजिक’च्या चित्रांचं काम याच क्रमानं चालतं: आधी लेखी वर्णन, मग रेखाटन, त्यावर कलादिग्दर्शकाचे शेरे आणि नंतर रंगकाम. चित्र आरशात पाहावं तसं उलटं करणं, रंग काढून नुसत्या छटा तपासणं, हे उपाय चित्रकार एकट्यानंही करू शकतो. आरशाचा सल्ला तर लिओनार्दो दा विंचीनंच देऊन ठेवला आहे. त्यातून तोल आणि तिरकेपणा कळतो. पण चित्राची गोष्ट चित्रकाराला आधीच ठाऊक असल्यामुळे ती परक्याला कळते की नाही, हे मात्र त्याला आरसा सांगू शकत नाही.

परक्यांची साक्ष घेण्यावर सर्वांत जुना आक्षेप म्हणजे चित्रकलेतलं न कळणाऱ्यांनी बोलूच नये. त्यासाठी प्लिनी या रोमन लेखकानं लिहून ठेवलेली अपेलीज या ग्रीक चित्रकाराची कथा पुढे केली जाते. तो आपलं चित्र रस्त्यावर ठेवून मागे लपून लोकांचं बोलणं ऐकायचा. एका चांभारानं चपलेतली चूक दाखवली. दुसऱ्या दिवशी तो पायावरही बोलू लागला, तेव्हा अपेलीजनं त्याला चपलेपुरतंच बोलायला सांगितलं. कथेचा हा शेवट सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्याआधी अपेलीजनं चप्पल मुकाट्यानं दुरुस्त केली होती, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कुणाला काय विचारायचं याची जाण त्यात आहे. कोल्हापुरात मर्दानी खेळ खेळणाऱ्याला रंगसंगतीबद्दल विचारून फारसं हाती लागणार नाही. पण या मुठीनं तलवार फिरेल का, दांडपट्ट्याचा वार करताना कंबर अशी राहील का, हे त्याच्याइतकं चांगलं सांगणारा चित्रकार विरळा. शिंप्याला विचारावं की हा झगा अंगात घालायचा कुठून. खेळ कधीच न खेळलेल्या घरच्या माणसालाही विचारावं, कारण टोकदार कान दिसले की एल्फ, ही सवय त्याच्या नजरेला लागलेली नसते. तो चेहरा आणि उभं राहणं वाचतो.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. सगळ्यांचं ऐकत गेलं तर चित्रकाराचा स्वतःचा हात हरवतो, आणि एकसारख्या चमकदार योद्ध्यांच्या गर्दीत आणखी एकाची भर पडते. हा धोका खरा आहे, पण तो उपाय उसने घेण्यातून येतो. जाणकार चित्रकार कधी दुसऱ्याच्या चित्रावर वेगळ्या लेअरमध्ये लाल रेषांनी दुरुस्ती करून देतो. शरीररचना शिकताना त्याचा मोठा फायदा होतो, आणि असा वेळ काढणाऱ्याचे आभारच मानायला हवेत. तरी ती रेष तशीच गिरवली तर उत्तर मिळतं आणि प्रश्न कळायचा राहतो. त्या लेअरकडे पाहून ‘त्याला इथे काय खटकलं असेल?’ हे शोधावं, मग तो लेअर बंद करून आपल्या हातानं नव्यानं काढावं. नवशिक्याला कौतुक लागतं हेही मान्य. ‘आधी तिच्या डोळ्यांकडेच पाहिलं’ या वाक्यात कौतुक आहेच, शिवाय काय टिकवायचं याची खूणही आहे.

साक्षी गोळा झाल्यावर त्या शब्दशः घेऊन चालत नाही. चार जण ‘चेहरा बरोबर वाटत नाही’ म्हणतात, तेव्हा बिघाड त्या भागाजवळ आहे एवढंच कळतं. चेहऱ्यावर उजेड डावीकडून आणि खांद्यावर उजवीकडून पडत असेल, मान धडाच्या मधोमध न बसता पुढे सरकली असेल, किंवा शिरस्त्राणाची लाल पट्टी डोळ्यांवरून नजर पळवत असेल. चेहरा पुन्हा पुन्हा रंगवण्याआधी एकेक कारण बदलून पाहावं, आणि बदललेलं चित्र त्या चौघांना न दाखवता पाचव्या माणसाला दाखवावं. काय बदललं ते मात्र त्याला सांगू नये.