खरे असूनही ‘तोतया’ वाटतं तेव्हा…

धाराशिवमधल्या डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका, फ्लेक्सची कामं करता करता एखादी मुलगी डिझाइन शिकते आणि पुण्यातल्या स्टुडिओत नोकरीला लागते. तिने केलेला पहिलाच लोगो ग्राहकाला आवडतो, वरिष्ठ कौतुक करतात. तिच्या मनात मात्र वेगळंच चाललेलं असतं. ‘या वेळी नशिबाने निभावलं. पुढच्या वेळी यांना कळणारच, की मला काही येत नाही.’ मग मीटिंगमध्ये एखादा शब्द कळला नाही तरी ती विचारत नाही आणि रात्र रात्र जागून एकच पान दहा वेळा बदलते.

या मनःस्थितीला ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ म्हणतात. इम्पोस्टर म्हणजे तोतया. पानिपतानंतर अवतरलेला भाऊसाहेबांचा तोतया खोटा असून खरेपणाचा दावा करत होता. इथे उलट घडतं. माणूस खरा असतो, पण स्वतःलाच तोतया समजतो.

पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये यशस्वी स्त्रियांमधल्या या अनुभवावर पहिला शोधनिबंध लिहिला. पुढे तो पुरुषांमध्येही आढळला. ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मोजण्याच्या पद्धतीनुसार हे प्रमाण ९ ते ८२ टक्के इतकं वेगवेगळं दिसलं. मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत याची नोंद नाही. मात्र चिंता, नैराश्य आणि कामाचा थकवा यांच्याशी त्याचा संबंध आढळतो, म्हणून दुर्लक्षही करू नये.

हे चक्र कसं फिरतं?

नवं काम आलं की धास्ती वाटते. मग एक तर गरजेपेक्षा जास्त राबणं होतं, किंवा शेवटपर्यंत टाळाटाळ करून घाईघाईत काम उरकलं जातं. काम चांगलं झालं, तर श्रेय जातं कष्टाला नाही तर नशिबाला. स्वतःच्या कौशल्याला कधीच नाही. त्यामुळे दहा कामं जमली तरी अकराव्या वेळी धास्ती तेवढीच असते.

डिझाइनमध्ये या भावनेला खतपाणी मिळतं. इथे गणितासारखं एकच बरोबर उत्तर नसतं आणि काम रोज चारचौघांत तपासलं जातं. शिवाय आपल्याला आपले फसलेले पंधरा कच्चे आराखडे माहीत असतात, इतरांचं मात्र फक्त अंतिम, देखणं काम दिसतं.

त्यात गावाकडून आलेल्या मुलांना इंग्रजीची, बोलीची, ब्रँडेड कॉलेज नसल्याची लाज वाटते. ‘आपल्या भागात कसलं आलंय डिझाइन?’ असं वाटत असेल, तर एकदा तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन या. तिथल्या प्राचीन हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी साम्य असलेली मूर्ती थेट इटलीतल्या पॉम्पेईच्या अवशेषांत सापडली आहे. कारागिरीची नजर या मातीला नवी नाही.

काय करावं?

• मिळालेलं कौतुक वहीत लिहा आणि ते आपण मनातल्या मनात कसं खोडून काढलं, तेही लिहा. हा उपाय क्लान्स आणि आइम्स यांनीच सुचवला होता.

• कच्चे आराखडे जपून ठेवा. सहा महिन्यांनी उघडले की प्रगती डोळ्यांना दिसते.

• ‘मला काहीच येत नाही’ ऐवजी नेमकं काय येत नाही ते लिहा. ‘अक्षरांमधलं अंतर जमत नाही’ ही शिकता येण्याजोगी गोष्ट आहे. नवख्याला काही गोष्टी न येणं म्हणजे फसवणूक नव्हे.

• दोघा-तिघा सहकाऱ्यांशी मोकळेपणाने बोला. समोरच्या हुशार माणसाची भीती निराधार आहे हे चटकन कळतं. मग स्वतःकडेही तसं पाहता येतं.

वरिष्ठांचीही जबाबदारी आहे. ‘अजून मजा नाही’ एवढंच म्हणण्यापेक्षा नेमकं काय बदलायचं ते सांगावं. भाषेवरून कोणाची टिंगल होत असेल, तर तो दोष त्या नवख्या मुलीच्या मनाचा नसतो; बदलायला हवं ते कार्यालयाचं वातावरण.

झोप उडाली, जेवण कमी झालं, कशातच रस उरला नाही आणि हे दोन आठवडे टिकलं, तर डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीतही बोलता येतं.