विश्लेषण : घरचा ओला कचरा घरातच जिरवता येतो का? त्याने नेमका काय फरक पडतो?

पर्यावरणासाठी काही करायचे म्हटले की सौर पॅनेल किंवा इलेक्ट्रिक गाडी आठवते. दोन्हींना पैसे लागतात आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्यांच्या हातात ते नसते. पण रोज सकाळी घंटागाडीत रिकामी होणारी ओल्या कचऱ्याची बादली प्रत्येक घरात असते. ती हलकी करणे तुलनेने सोपे आहे. ते का करायचे आणि कसे करायचे, याचा हा आढावा.

एका घरातून किती ओला कचरा निघतो?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ मधील अहवालानुसार भारतीय घरांत दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न कचऱ्यात जाते. यात उरलेल्या अन्नाबरोबर साली, देठ, बियाही मोजल्या आहेत. म्हणजे चौघांच्या कुटुंबाचे वर्षाचे सव्वादोनशे किलो, दिवसाचे साधारण ६०० ग्रॅम. ३० घरांच्या इमारतीतून याच हिशेबाने रोज १८ किलो आणि वर्षाला साडेसहा टन ओला कचरा बाहेर पडतो. आपल्या शहरांतील एकूण कचऱ्यापैकी साधारण निम्मा कचरा ओलाच असतो.

साली आणि शिळे अन्न तर आपोआप कुजते, मग अडचण काय?

अडचण ते कुठे कुजते याची आहे. झाडाखाली पडलेले पान हवेत कुजते. कचराभूमीवर मात्र ओला कचरा टनावारी ढिगाखाली दबतो. तिथे प्राणवायू पोहोचत नाही आणि हवेविना जगणारे जिवाणू तो कुजवतात. त्यातून मिथेन वायू तयार होतो. २० वर्षांच्या कालावधीचा विचार केला तर मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. जगातील हरितगृह वायूंपैकी ८ ते १० टक्के वायू वाया जाणाऱ्या अन्नाशी निगडित आहेत, असे संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम सांगतो. ते अन्न पिकवणे, आणणे आणि शेवटी कुजणे हे सारे त्यात येते.

मिथेन ज्वलनशीलही आहे. त्यामुळे कचऱ्याच्या ढिगांना लागलेली आग आतल्या आत धुमसत राहते. १९२७ पासून वापरात असलेल्या मुंबईच्या देवनार कचराभूमीला जानेवारी २०१६ च्या अखेरीस मोठी आग लागली. धुराचे लोट उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसले आणि परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

याची झळ कोणाला बसते?

कचरा करणाऱ्यांना फारशी नाही. पुण्याचा कचरा १९९० च्या दशकापासून उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला जाऊ लागला. ढिगातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने तेथील विहिरी खराब झाल्या, पिण्यासाठी टँकरची वाट पाहण्याची वेळ गावकऱ्यांवर आली. दुर्गंधी आणि माश्या होत्याच. अखेर गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अनेकदा अडवल्या. गाड्या अडल्या की पुण्यात कचरा साचायचा आणि त्याची बातमी व्हायची. गावाच्या विहिरीची बातमी मात्र क्वचितच व्हायची.

दुसरी झळ कचरावेचकांना बसते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून पुढे आलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सदस्य घरोघरी जाऊन कचरा गोळा करतात. आमटी सांडलेला कागद रद्दीत विकला जात नाही. ओले-सुके एकत्र दिले की त्यांची मजुरी बुडते, शिवाय काच आणि सॅनिटरी पॅड हाताळण्याची वेळ येते. त्यामुळे वापरलेले पॅड किंवा डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, असे आवाहन केले जाते. हे पाच सेकंदांचे काम आहे.

पहिली पायरी कोणती?

खत करण्याआधी कचराच कमी करणे. आपल्या स्वयंपाकघराला हे नवे नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालींची चटणी, फोडणीची पोळी, फोडणीचा भात हे सारे काटकसरीतून आलेले आणि चवीमुळे टिकलेले पदार्थ आहेत. कोथिंबिरीचे कोवळे देठ वाटणात जातात. आठवड्याची भाजी एकदम आणण्याऐवजी दोनदा आणली, तर फ्रिजच्या तळाशी सडणारी मेथी वाचते.

घरात खत कसे करायचे?

साधारण २० लिटरच्या दोन झाकणाच्या बादल्या किंवा मातीची मडकी पुरतात. बाजूंना आणि तळाला छिद्रे पाडावीत, खाली ताटली ठेवावी. तळाशी नारळाच्या शेंड्या आणि वाळक्या पानांचा चार बोटे थर द्यावा. त्यावर मूठभर जुने खत, शेणखत किंवा आंबट ताक घातले की जिवाणूंना सुरुवात मिळते.

रोजच्या साली आणि देठ बारीक चिरून टाकावेत आणि त्यावर तेवढ्याच आकारमानाची वाळकी पाने, लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट पसरावे. ही वरची कोरडी चादरच सगळ्यात महत्त्वाची. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त असते, वाळक्या पानांत कर्ब. दोन्हींचा मेळ बसला आणि हवा खेळती राहिली की कुजण्याला वास येत नाही. दोन-तीन दिवसांनी काठीने वर-खाली करावे. एक बादली भरली की ती बाजूला ठेवून दुसरी सुरू करावी. साधारण दीड ते दोन महिन्यांत काळसर, भुसभुशीत आणि पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास असलेले खत तयार होते.

काय टाकू नये?

मासळी-मटणाचे अवशेष, हाडे, तेलकट रस्सा आणि दूध सुरुवातीला टाळावे. चहाचा चोथा धुऊन टाकावा, नाहीतर साखरेमुळे मुंग्या येतात. लिंबा-संत्र्याच्या साली थोड्याच घालाव्यात. अंड्याची टरफले चुरून चालतात. नारळाची करवंटी मात्र लवकर कुजत नाही. ‘विघटनशील’ असे छापलेल्या पिशव्याही टाकू नयेत. त्यांतील बऱ्याच पिशव्यांना कुजण्यासाठी मोठ्या प्रकल्पातील उष्णता लागते.

वास, अळ्या, पावसाळा यांचे काय?

बहुतेक जण पहिल्या महिन्यात इथेच थांबतात. वास आला तर ओल जास्त झाली, असे समजावे. कोरडी पाने वाढवावीत आणि चांगले हलवावे. मुंग्या आल्या तर कोरडेपणा जास्त आहे, थोडे पाणी शिंपडावे. पांढरट-करड्या अळ्या किळसवाण्या दिसल्या तरी बहुधा निरुपद्रवी असतात आणि कचरा झपाट्याने संपवतात. नको असतील तर कोरडा थर जाड करावा आणि बादलीला जाळीचे कापड बांधावे. पावसाळ्यात बादली आडोशाला हवी. वाळकी पाने उन्हाळ्यातच पोत्यात भरून ठेवावीत.

ज्यांच्या घरी जागाच नाही, त्यांनी काय करावे?

चाळीतील एका खोलीत किंवा वस्तीत प्रत्येकाला बादली ठेवणे शक्य नाही. तेथे फक्त ओले आणि सुके वेगळे देणे हेच मोठे काम आहे. इंदूरमध्ये २०२२ पासून रोज ५५० टन ओला कचरा हाताळण्याच्या क्षमतेचा जैव-सीएनजी प्रकल्प आहे आणि त्यातील वायू शहराच्या बसगाड्यांना मिळतो. घराघरांतून वेगळा केलेला कचरा नसता, तर हा प्रकल्प चालला नसता. सिंधुदुर्गातील वेंगुर्ला या छोट्या नगर परिषदेने काटेकोर वर्गीकरणाच्या जोरावर कचराभूमीच्या जागी पर्यटकांनी पाहायला यावे असे ठिकाण उभे केले.

सोसायट्यांसाठी सामायिक खड्डा किंवा पिंप अधिक सोयीचे. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी सांगितले होते. आवारातील वाळकी पाने जाळण्याऐवजी याच पिंपात घालता येतात. गांडूळखत प्रकल्पासाठी पुण्यासारख्या शहरात मिळकतकरात सवलतीची तरतूदही आहे. आपल्या महापालिकेच्या अटी पाहून घ्याव्यात.

मग प्रशासनाची जबाबदारी संपते का?

नाही. घरी वेगळा केलेला कचरा एकाच गाडीत पुन्हा एकत्र होत असेल, तर नागरिकांचा उत्साह टिकणार नाही. वेगळे वाहन आणि प्रक्रिया केंद्र ही महापालिकेचीच कामे आहेत आणि त्यासाठी नगरसेवकाला जाब विचारणे हाही पर्यावरणपूरक जगण्याचाच भाग आहे.

आणखी एक गोष्ट घरातली. खताची बादली आली की ती हलवण्याचे काम बहुधा घरातील बाईच्याच वाट्याला येते. चार कामांत पाचव्याची भर पडली तर महिन्याभरात बादली माळ्यावर जाते. पाने आणणे, बादली हलवणे, खत चाळणे ही कामे वाटून घेतलेल्या घरांत ती टिकते. रोज पाच-सात मिनिटे लागतात. त्या बदल्यात वर्षाला सव्वादोनशे किलो कचरा कोणाच्या तरी विहिरीपाशी जायचा थांबतो आणि गॅलरीतल्या तुळशीला खत मिळते.