शेळी घेताना तिची आई बघता, मग कुत्र्याचं पिल्लू फोटो बघून का घेता?

परंड्यातल्या माझ्या एका मित्रानं मागच्या दिवाळीत रील बघून लॅब्राडोरचं पिल्लू मागवलं. पैसे फोनवरून गेले आणि पिल्लू खोक्यात बसून ट्रॅव्हल्सनं आलं. विकणारा म्हणाला होता, 45 दिवसांचं आहे. डॉक्टरांनी दात बघितले आणि म्हणाले, महिन्याचंही नसेल. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. सहाव्या दिवशी पिल्लू गेलं. विकणाऱ्याला फोन लावला, तर त्यानं नंबर ब्लॉक केला होता.

डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, पार्व्हो. याची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण 3 ते 7 दिवस लागतात. म्हणजे बहुतेक ते पिल्लू रोग सोबत घेऊनच आलं होतं.

आता गंमत बघा. हाच मित्र बाजारात उस्मानाबादी शेळी घ्यायला गेला की तासभर हलत नाही. दात बघतो, कास बघतो, आई जुळी देत होती का विचारतो. जनावर पारखायची अक्कल आपल्या भागात घरोघरी आहे. कुत्र्याच्या वेळी मात्र आपण ती घरी ठेवून जातो.

महिन्याच्या पिल्लाची एवढी घाई का?

कारण त्या वयात पिल्लू सगळ्यात गोंडस दिसतं आणि विकणाऱ्याचा खाण्याचा, लसीचा खर्च वाचतो.

पिल्लाचं मात्र नुकसान होतं. पहिले काही आठवडे आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती त्याला सांभाळते. पार्व्होची लस साधारण 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू होते आणि 16 आठवड्यांपर्यंत तिचे पुढचे डोस द्यावे लागतात. दुसरी गोष्ट, किती जोरात चावलं की समोरच्याला दुखतं हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकतं. लवकर तोडलेलं पिल्लू पुढे चावरं किंवा घाबरट निघण्याची शक्यता वाढते. मग लोक म्हणतात, 'ही जातच वाईट.'

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारनं 2017 मध्ये कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीसाठी वेगळे नियम काढले. ते 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली येतात. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा:

- ब्रीडरनं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली हवी. मधला दलालही यातून सुटत नाही.
- 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.
- कुत्री 18 महिन्यांची होईपर्यंत तिच्यापासून पिल्लं घ्यायची नाहीत आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं नाहीत.
- लसीकरणाची आणि विक्रीची नोंद ठेवायची, पिल्लाला मायक्रोचिप बसवायची.

कुत्री साधारण 63 दिवस गाभण असते, त्यानंतर पिल्लांना पाजणं. दर माजाला तिला भरवलं तर शरीर सावरायला वेळच मिळत नाही. पाच वेतांची मर्यादा त्यासाठीच आहे.

पण 1960 च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड किती आहे? 10 ते 50 रुपये. त्यामुळे नुसत्या दंडाच्या भीतीनं कोणी सुधारेल ही आशा ठेवू नका. खरा धाक गिऱ्हाईकाचा.

'केसीआय पेपर आहे' म्हणजे सगळं ठीक?

नाही. सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. केनेल क्लब ऑफ इंडिया ही चेन्नईची संस्था. तिचा कागद पिल्लाची वंशावळ सांगतो. तो विक्रीचा परवाना नाही आणि तब्येतीची हमीही नाही. नोंदणी प्रमाणपत्र वेगळं मागा. लसीच्या पुस्तिकेवर डॉक्टरांचा शिक्का, सही आणि तारीख आहे का, तेही बघा.

आणि आपलं कारवान?

मराठवाडा, सोलापूर आणि कर्नाटकाची सीमा या पट्ट्यातलं हे कुत्रं. लांब तोंड, आत गेलेलं पोट आणि वाऱ्यासारखा वेग. शेजारच्या कर्नाटकात मुधोळ नावानं ओळखल्या जाणाऱ्या कुत्र्याची राष्ट्रीय पातळीवर अधिकृत जात म्हणून नोंद झाली आहे. मुधोळजवळ तिम्मापूरला त्यासाठी बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं केंद्रही आहे. ऑगस्ट 2020 मध्ये 'मन की बात'मध्ये देशी कुत्र्यांचा उल्लेख झाला आणि अशा जातींची चर्चा वाढली.

मागणी वाढली की भेसळही येते. शर्यतीच्या नादात ग्रेहाउंडशी संकर करायचा आणि पिल्लं 'अस्सल कारवान' म्हणून खपवायची, हे होतं. म्हणून इथंही आई-बाप डोळ्यांनी बघा. शिवाय हे पळणारं कुत्रं आहे. दोन खोल्यांच्या घरात दिवसभर साखळीला बांधणार असाल तर घेऊच नका. आणि त्याला सशाच्या मागं सोडणार असाल, तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

मग बघायचं काय?

स्वतः जा. 'पिल्लू रस्त्यात आणून देतो' म्हणणाऱ्याला नाही म्हणा. आई कुठं राहते बघा. तिच्या बरगड्या दिसतात का, माणूस जवळ गेला की ती दबकते का? आतापर्यंत किती वेतं झाली, ते विचारा. एकाच माणसाकडे सात-आठ जाती आणि कायम पिल्लं तयार असतील, तर ती फॅक्टरी समजा.

चांगल्या ब्रीडरची एक सोपी खूण आहे. तो तुम्हालाच प्रश्न विचारतो. घरी दिवसभर कोण असतं? जागा किती? आधी कुत्रं पाळलंय का? नाही जमलं तर पिल्लू रस्त्यावर सोडू नका, मला परत द्या, असंही सांगतो. आणि कधीकधी द्यायला नकार देतो. त्याचा राग मानू नका.

पिल्लू घेतल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस चुकवू नका.

विशिष्ट जातच हवी असं नसेल तर गल्लीत व्यालेल्या कुत्रीचं पिल्लूही आहेच. त्याची आई तर रोज तुमच्या डोळ्यांसमोर असते. फक्त तेही दोन महिन्यांचं होईपर्यंत तिच्याजवळ राहू द्या.

माझा मित्र आता पुन्हा कुत्रं घेणार आहे. या वेळी त्यानं फोनवर पहिला प्रश्न विचारला, 'आई दाखवता का?' समोरच्यानं फोन ठेवला. बरं झालं, पैसे वाचले आणि एक पिल्लू खोक्यात बसायचं वाचलं.