एकही तुकडा सुटता कामा नये

पहाटे पाच. मंडपमच्या खोलीबाहेर येऊन आधी वारा बघते. पाणी ढवळलेलं असेल तर आजचा दिवस गेला. मार्च आहे, मन्नारचं आखात शांत आहे.

साडेसहा. होडीवाल्या अण्णांनी कुंदुकालहून होडी सोडली. समोर कुरुसडाई, आखातातल्या 21 बेटांपैकी एक. 1986 पासून हे सागरी राष्ट्रीय उद्यान.

सात. पाण्यात डोकं घातलं की ते दिसतंच. कप्पाफायकस. जाड, रबरी, हिरवट-तपकिरी फांद्या प्रवाळाच्या शिंगांत घुसलेल्या. मूळचं फिलिपिन्सचं हे शेवाळ 1984 मध्ये प्रयोगासाठी भारतात आणलं. त्यातल्या कॅराजीननने आइस्क्रीम दाट होतं, म्हणून पुढे बांबूच्या तराफ्यांवर त्याची शेती सुरू झाली. 2008 मध्ये ते या बेटाच्या प्रवाळावर पसरल्याची नोंद झाली.

हे शेवाळ काढताना ओढायचं नाही. एका हाताने प्रवाळाला आधार, दुसऱ्या हाताच्या बोटांनी चिकटलेली जागा चाचपत सोडवायची, जाळीची पिशवी अगदी खाली धरायची. याला बी लागत नाही. सुटलेला तुकडा जिथे अडकेल तिथे नवं झुडूप होतं. घाईने उपटणं म्हणजे पेरणीच. तासाभरात हातभर जागा मोकळी होते. खालचं प्रवाळ पांढरं असतं, उजेडावाचून मेलेलं. ते पाहायची सवय मला अजून झालेली नाही.

साडेदहा. थर्मामीटर वर काढला. 2010 आणि 2016 च्या उन्हाळ्यांत पाणी तापून इथलं प्रवाळ पांढरं पडलं होतं. उष्म्यातून वाचलेलं प्रवाळ पुन्हा रंग धरू शकतं, पण त्यावर शेवाळाचं पांघरूण असेल तर कसं धरणार? म्हणून एप्रिलच्या आत ही जागा साफ व्हायला हवी.

बारा. पिशव्या किनाऱ्यावर, वजन, नोंद. काढलेलं सगळं भरतीच्या रेषेपासून लांब, तापल्या वाळूत पसरलं. होडीच्या तळाशी राहिलेले तुकडे अण्णा स्वतः वेचतात.

तीन. पाल्कच्या उपसागराच्या बाजूला तराफ्यांवर बायका दोऱ्यांना रोपं बांधत होत्या. पंचेचाळीस दिवसांत पीक येतं. एक अक्का म्हणाल्या, ‘‘हे बंद करायला आलीस का?’’ त्यांच्या मुलीची फी यातून जाते. मला त्यांच्यावर राग धरता येत नाही. प्रवाळाच्या इतक्या जवळ हे पीक आणायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. मी तुटक्या तमिळमध्ये एवढंच सांगितलं, वादळाआधी तराफे वर ओढा.

रात्री आठ. मालवणहून मामांचा फोन. शेवाळाच्या शेतीबद्दल कुणीतरी त्यांना सांगितलंय, किल्ल्याजवळ करावी का म्हणून विचारत होते.

‘‘मामा, तिथे खाली प्रवाळ आहे,’’ मी म्हटलं. ‘‘मी मेमध्ये येते, आपण दोघं आधी बुडी मारून बघू.’’