शकुनातला पक्षी

परवा एका लग्नाच्या वऱ्हाडात होतो. मांजर आडवे गेले आणि गाडी थांबली. पाच मिनिटे! काचेवर मोठ्या अक्षरात 'जयभीम' लिहिलेले. मी विचारले, तर म्हणाले, "शकुन बघावा लागतो, दादा."

बंधूंनो, ज्याला आपण भितो तो शब्द तरी तपासून पाहू. संस्कृतात 'शकुन' म्हणजे पक्षी. पालीत 'सकुण', तोही पक्षीच. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातली शेवटची दोन सूक्ते पक्ष्यालाच उद्देशून आहेत. त्याने शुभ बोलावे अशी विनवणी त्यांत आहे. पाखराच्या ओरडण्यावरून काढलेला अर्थ तो शकुन. पुढे पाखरू उडून गेले, अर्थ तेवढा मानगुटीवर बसला. मग मांजर आले, शिंक आली, रिकामी घागर आली. आणि शेवटी माणूसच अपशकुन झाला. नवी सून 'पांढऱ्या पायाची' ठरली, विधवा समोर आली की वाट बदलली जाऊ लागली. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

तथागतांच्या काळीही हा धंदा जोरात होता. दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात पोट भरण्याच्या हीन विद्यांची यादी आहे. तीत पक्ष्यांची विद्या आहे, कावळ्याची आहे, उंदराने कुरतडलेल्या कापडाचीसुद्धा आहे! या कापडावर जातकात एक कथाच येते. राजगृहाच्या एका ब्राह्मणाचे वस्त्र उंदरांनी कुरतडले. हे घरात राहिले तर सर्वनाश, म्हणून त्याने ते मुलाकरवी स्मशानात फेकायला पाठवले. बुद्धांनी ते उचलले आणि वेळुवनात नेले. ब्राह्मण घाबरला, आता बुद्धांचे आणि विहाराचे वाईट होणार म्हणून दुसरी वस्त्रे घेऊन धावत आला. काहीच झालेले नव्हते.

महामंगलसुत्तात अडतीस मंगले सांगितली आहेत. मातापित्यांची सेवा आहे, दान आहे, निर्दोष कर्म आहे. मुहूर्त नाही, पाखरू नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला. एका खेड्याला हे जमले.

आमचे वऱ्हाड शेवटी पोचले. भन्तेजींनी महामंगलसुत्त म्हटले, सगळ्यांनी हात जोडले. नवरदेवाच्या काकूंनीही जोडले, अगदी मागच्या रांगेतून. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. आदल्या दिवशी हळद लावायला त्यांना कुणी पुढे बोलावले नव्हते.